अकरा शाळांचं वाढतं माप

उंदीर मुतलेल्या कोऱ्या कापडाचा वास एकदा नाकात बसला की चार दिवस घास गोड लागत नाही. जहिदाच्या नाकात तो गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला बसला, आणि तोही सत्काराच्या दिवशी.

हरसूलच्या पुढं, डोंगरातल्या एका शाळेत तिला बोलावलं होतं. नाशिकच्या एका संस्थेच्या त्या भागात अकरा शाळा. अकराही शाळांचे गणवेश वडाळा गावातल्या जहिदाच्या बचत गटानं शिवले, म्हणून नारळ आणि शाल. सत्काराच्या आधी झेंडावंदन. पहिलीची पोरं ओळीत उभी. उजवा हात कपाळाला आणि डावा हात चड्डीला, कारण चड्डी धरली नाही तर ती घोट्यावर. एका पोराला नाक पुसायचं होतं, तर त्यानं सलामी सोडली. चड्डी सोडून चालणार नव्हतं.

पाहुणे हसले. किती गोड दिसतात म्हणाले. जहिदानं शिवण ओळखली. ते शर्ट, त्या चड्ड्या तिच्या हाताखालून गेलेल्या. संस्थेनं मार्चमध्ये तक्ता पाठवला होता, पहिलीला अमुक माप, दुसरीला तमुक, इतके नग, तितके नग. तक्ता कुणाच्या अंगावरून काढला विचारलं तर म्हणे दर वर्षीचाच असतो. गटानं तक्त्याप्रमाणं कापलं, शिवलं, पोतं भरून दिलं. त्या तक्त्यात एक पोरगंसुद्धा नव्हतं, नुसते आकडे होते.

शाल खांद्यावर घेऊनच तिनं देवराम गुरुजींना विचारलं, लहान मापाचे संपले तर मोठे राहिले असतील ना? गुरुजी हसले आणि कोठी उघडली. छत्तीस मापाच्या शर्टांचा ढीग, कमरेएवढा. छत्तीस छातीचं पोर त्या शाळेत तेव्हा नव्हतं, पुढं पाच वर्षं येणार नव्हतं. खालच्या थरात उंदरांनी संसार मांडलेला. तो वास. जहिदा बाहेर येऊन कण्हेरीच्या बुंध्याशी ओकली. पाहुण्यांना वाटलं घाट लागला.

आता जहिदा कोण, ते सांगायला हवं. शेहेचाळीस वर्षांची, आवाज मोठा, शाळा सहावीपर्यंत. नवरा मुस्तकीम रिक्षा चालवतो, स्वभावानं इतका गरीब की त्या घरातला रागाचा वाटा एकटी जहिदाच उचलते. बाप नजीर हा बाजारातला शिंपी. मशीनचं डोकं पोत्यात बांधून तो एसटीनं हरसूलच्या आठवडे बाजाराला जायचा आणि एका चिंचेखाली बसायचा. पाड्यावरच्या बायांना पोरं घेऊन डोंगर उतरणं जमायचं नाही. त्या घरीच पोराच्या छातीभोवती दोरा धरायच्या, गाठ मारायच्या आणि तो दोरा पदराला बांधून आणायच्या. नजीर दोरा टेपवर ठेवून वहीत आकडा लिहायचा. या बाजाराला माप, पुढच्या बाजाराला कपडा. तयार कपडा टांगून ठेवणं त्यानं जन्मात केलं नाही. कुणाच्या अंगाला येईल ते ठाऊक नसताना कात्री लावणं त्याला हराम वाटायचं. कापड गाठोड्यात गुंडाळलेलं असलं तर उद्या कुणाचंही होतं, एकदा कापलं की एकाचंच.

पुढं जहिदा नऊ वर्षं देवळाली कॅम्पात जवानांच्या वर्द्या फिटिंगला घेणाऱ्या दुकानात बसली. तिथं अर्धा इंच चुकला तर वर्दी तोंडावर परत यायची. असा हात, आणि त्या हातानं चड्ड्या धरून उभी राहणारी पोरं तयार केली. शालीचं तिनं त्याच संध्याकाळी पायपुसणं केलं.

दुसऱ्या दिवशी ती नाशिकच्या ऑफिसात गेली आणि कोठीतला एक कुरतडलेला शर्ट संस्थेचे सचिव खंडेराव साहेब यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. साहेबांनी आधी कप उचलला. मग विचारलं, हे काय आहे.

"तुमचा तक्ता आहे, साहेब. वास घ्या."

साहेबांना घाण वाटली. माणसाला घाण वाटली की तो एक तर साफ करतो नाही तर झाकतो. साहेबांनी आधी झाकून बघितलं, म्हणाले प्रमाण बसवताना थोडंफार इकडंतिकडं होतंच. जहिदा हलली नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक पोराचं माप आधी हातात द्या, मग कात्री लावीन, म्हणाली. जेवढी पोरं तेवढेच गणवेशाचे जोड, एक कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी साहेबांनी मान डोलावली, पण गाठ मारून. या वर्षी तुमच्या पद्धतीनं करा. पंधरा ऑगस्टला अकरा शाळांत एक जरी पोर गणवेशाविना दिसलं, तर काम बाहेरच्या रेडीमेडवाल्याला.

म्हणजे गटातल्या चौदा बायांच्या चुली एका पोराच्या शर्टावर येऊन टेकल्या. गटातली सगळ्यात जुनी मंगलाबाई. नवरा गेल्यापासून तिचं सगळं घर ओव्हरलॉकच्या मशीनवर चालतं. ती म्हणाली, जहिदाभाभी, तुझ्या रागाला सासर-माहेर काही कळत नाही. पण गट सोडून गेली नाही.

या वर्षी एप्रिलात, उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी, अकरा गुरुजींना टेप आणि कोऱ्या याद्या गेल्या. पोराचं नाव, छाती, कंबर, उंची. जी पोरं जूनमध्ये पहिलीत येणार होती, किंवा आईबापाबरोबर द्राक्षाच्या मळ्यात किंवा लग्नाला गेली होती, त्यांच्या घरून मागाहून जुन्या चालीनं दोरे आले. गुरुजींनी याद्या ऑफिसात दिल्या. तिथं हर्षल नावाचा तरुण मुलगा. शिकलेला, बोलायला गोड, संगणकावर बोटं अशी चालायची की बघत राहावं. तेराशे चाळीस पोरांची यादी त्यानं मापावार लावून दिली. छापलेले कागद बघून जहिदाचं मन जरा निवलं. चला, एक तरी माणूस कामाचा निघाला.

त्यांचं भांडण झालं ते कापण्यावरून. हर्षलचं म्हणणं, कापडाचे थर एकावर एक टाकून सगळं एकाच आठवड्यात कटिंग मशीनवर कापून घ्या, वेळ वाचेल. जहिदा म्हणाली, तीन शाळांचं कापीन, शिवीन, अंगावर चढवून बघीन, मग पुढचं. हर्षलनं समजावलं की डेटा आलेला आहे, आता थांबण्यात अर्थ नाही. तिनं तागे उचलून गटाच्या आतल्या खोलीत टाकले आणि कडी लावली. त्यानं साहेबांना फोन केला, साहेबांनी तिला केला, तिनं उचलला नाही. नवी पद्धत तिची होती, तर खोड पण तिचीच राहणार होती.

जुलैच्या मध्यावर पहिल्या तीन शाळांचे तीनशे सत्तर जोड तयार झाले. जहिदा आणि मंगलाबाई गाठोडी घेऊन आधी देवराम गुरुजींच्या शाळेत पोचल्या. पहिलीच्या पोरांना ओळीनं कपडे घातले. आरोही नावाच्या एका चिमुरडीचे दोन्ही हात बाह्यांत बुडाले ते वर येईनात. मागच्या पोराच्या शर्टाचा गळा खांद्यावरून घसरला. तिसरं पोरगं तर शर्टातच खाली बसलं आणि तंबूत बसल्यासारखं आतून हसायला लागलं.

गुरुजी खूश. म्हणाले, "झकास. दोन वर्षं जातील आता."

आरोहीची आई नवसाबाई दारात उभी होती. तिनं पोरीकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं. "बाई, ह्याच्यात आमच्या दोन मावतील. दुसरी घरी हाय, तिलाबी आणू का?"

जहिदाच्या कानशिलात रक्त चढलं. इतकं करून, नावनिशी माप मागवून, पुन्हा तेच ध्यान. तिनं आरोहीच्या छातीला टेप लावली. एकवीस. यादीत बघितलं. सव्वीस. पोरगी पाच इंच आटली का काय?

तिनं गुरुजींना धरलं. गुरुजी आधी दचकले, मग दुखावले. पोरं वाढतात बाई, म्हणाले, मी आपली दोन बोटं जास्त धरली, सगळ्यांचीच धरली, वाढत्या अंगाचं नको का. पण आरोहीचं मी चोवीस लिहिलंय, सव्वीस नाही. जहिदानं तिथूनच हर्षलला फोन लावला. तो बिचारा लपवणारा नव्हता. "भाभी, एप्रिलचं माप आहे ना. ऑगस्टपर्यंत वाढतील, म्हणून सेफ्टीसाठी सगळ्यांना दोन इंच लावलेत." सेफ्टी! जहिदानं फोनवर जे शब्द वापरले ते ऐकून गुरुजींनी पोरांना मैदानात पिटाळलं.

तरी हिशेब जुळेना. एकवीसचे गुरुजींच्या दोन बोटांनी साडेबावीस होतील, चोवीस कुठून आले? तेव्हा नवसाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मी दोरा धाडला व्हता. गाठ जराशी इकडं सरकवून मारली. वाढत्या अंगाचं म्हून."

जहिदा बाकावर बसली. आता कुणाला शिव्या घालायच्या? आईनं दोन बोटं, मास्तरानं दोन बोटं, संगणकानं दोन इंच. प्रत्येकाला वाटलं पोराची काळजी आपल्यालाच आहे आणि पुढचा माणूस कंजूष. कुणी कुणाला सांगितलं नाही. काळजीवर काळजी चढवत गेले आणि खाली पोर गुदमरलं. तिला त्या सगळ्यांची किळस आली, त्या प्रेमाचीच आली. आणि त्याच रागात, सगळ्यांचं पितळ एकदाच उघडं पाडावं म्हणून, तिनं आरोहीच्या अंगातला शर्ट काढून बाकावर पसरला आणि त्यालाच टेप लावली.

सव्वीस छातीच्या शर्टाचा घेर चार इंच सैल धरून तीस भरायला पाहिजे. साडेएकतीस भरला.

तिनं दुसरा शर्ट घेतला. यादीत अठ्ठावीस, घेर बत्तीसच्या जागी साडेतेहतीस. तिसरा. तिथंही दीड इंच जास्त. मंगलाबाई बाजूला उभी होती, तिनं चौथा शर्ट पुढं केला, पण जहिदानं तो घेतला नाही.

तो दीड इंच तिचा होता. ज्यावरून कापतात तो कागदी फर्मा तिनं आखला होता. बापाच्या हाताखाली, चिंचेखाली, दर गिऱ्हाइकाच्या तोंडून तिनं एकच वाक्य ऐकलं होतं, वाढत्या मापाचा शिवा हं, नजीरचाचा. लहान पोराचा कपडा म्हटलं की तिचा खडू आपोआप बोटभर बाहेर सरकायचा. कॅम्पातल्या नऊ वर्षांनी जवानांच्या बाबतीत तो हात सुधारला होता, पोरांच्या बाबतीत नाही. गुरुजींना आणि एका शिकलेल्या पोराला हाग्या मार देऊन झाल्यावर तिला आपलाच हात सापडला. त्या क्षणी तिला स्वतःची जी शिसारी आली, तिला तोड नाही. कोठीतला वास बरा.

मंगलाबाईनं एवढंच विचारलं, "किती कापलंय?"

तीन शाळांचं. बाकी आठ शाळांचे तागे आतल्या खोलीत कडीबंद पडले होते. हर्षलचं ऐकलं असतं तर तेराशे चाळीस तंबू कापून झाले असते आणि चौदा बाया घरी बसल्या असत्या.

दिवस उरले होते एकोणतीस. जहिदानं त्याच बाकावर बसून ठरवलं. आई देईल ते माप अंगाचं, गुरुजी लिहितील ते अंगाचं, संगणकात जाईल ते अंगाचं. वाढ धरायची ती एकाच ठिकाणी, आणि ती घेरात नाही. कापड खालच्या पट्टीत आत दुमडायचं. पोर वाढलं की आईनं टाका उसवायचा आणि सोडायचं. नवसाबाईला हे पटायला वेळ लागला. आत खरंच कापड हाय ना, म्हणून तिनं पट्टी चाचपून बघितली. "मंग ठीक हाय. पर बाजारात कुणी इचारलं तर म्या वाढत्या मापाचंच सांगीन."

मग बाया दोन-दोनच्या जोड्यांनी अकराही शाळांत गेल्या. एसटी, मिळेल ती जीप, नाही तर पाय. चार दिवसांत सगळ्या पोरांची मापं पुन्हा घेतली, अंगावर, टेपनं. जे पोर गैरहजर, त्याच्या घरी. या फेरीत कळलं की एप्रिलच्या यादीतली सदुसष्ट पोरं शाळेतच नव्हती, कुणी कळवणला मामाकडं शिकायला गेलं, कुणी मळ्यावरून परतलंच नाही. आणि बहात्तर नवी होती, ज्यांचं नाव कुठंच नव्हतं. ही बहात्तर पंधरा ऑगस्टला उघडी उभी राहिली असती. संख्या मात्र कागदावर जवळजवळ जुळली असती, आणि ऑफिसात सगळे समाधानानं ढेकर देत बसले असते.

शिवलेल्या तीनशे सत्तर जोडांचं काम सगळ्यात घाणेरडं. प्रत्येक शर्टाचा खरा घेर मोजायचा, चिठ्ठी टाचायची आणि अकरा शाळांतलं तेवढ्या अंगाचं पोर हुडकायचं. पहिलीसाठी कापलेला शर्ट पाचवीला गेला, चौथीचा सातवीला. धंदा म्हणजे अंगाला कपडा द्यायचा, आणि या बाया कपड्यांना अंगं शोधत फिरत होत्या. तीनशे एकतीस जोडांना पोरं मिळाली. उरलेले एकोणचाळीस उसवून लहान केले. उसवताना सगळ्यांनी आपापल्या परीनं जहिदाचा उद्धार केला, तिच्या समोरच, आणि तिनं मान खाली घालून ऐकला.

बाकीचं कापड शाळेगणिक कापलं. एका शाळेची यादी पूर्ण, तिचं कापड पूर्ण, मग दुसरी. नवं पोर दाखल झालं की गुरुजी फोन करायचे, आणि हर्षल संध्याकाळी यादी बदलून पाठवायचा, आता काही न वाढवता. पोरगा चुकला होता पण शिकला, आणि शिकणाऱ्यावर जहिदाचा राग टिकत नाही. तेरा ऑगस्टला शेवटचं गाठोडं चढलं. पंधराला एकही पोर गणवेशाविना नव्हतं. आतल्या खोलीत एक पूर्ण तागा न कापलेला शिल्लक राहिला, कोठीत एकही शर्ट नाही.

सप्टेंबरात साहेबांनी बोलावलं. जहिदा, मंगलाबाई, हर्षल. पेढे होते. छान झालं म्हणाले, फोटो चांगले आले. पुढच्या वर्षीचं कामही गटालाच. कागद तयार होता. मंगलाबाईचे डोळे भरून आले.

मग साहेब म्हणाले, आता सगळ्यांची मापं संगणकात आलीच आहेत, तर पुन्हा डोंगर चढायची गरज नाही. प्रत्येकाला एका वर्षाचे दोन इंच लावा आणि फेब्रुवारीतच कापून मोकळे व्हा.

जहिदाला पेढा तोंडात असतानाच कळलं की तो गिळता येणार नाही. अकरा शाळा, एकोणतीस दिवस, उसवलेला टाका न टाका, आणि या माणसाच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं. हर्षलच बोलला, खाली बघून. "सर, दर वर्षी शंभराच्या वर पोरं बदलतात. जुन्या यादीवर नाही चालणार." साहेबांनी त्याच्याकडं माशी बसल्यासारखं बघितलं.

जहिदानं पेढा रुमालात थुंकला, पेन मागितलं आणि करारावर, सहीच्या वर, आपल्या सहावीतल्या अक्षरात लिहिलं की शाळा भरल्यावर माप घेतल्याशिवाय कापड कापणार नाही, आणि घेतलेल्या मापात ऑफिस काही वाढवणार नाही.

"असं कागदावर लिहायचं नसतं, बाई."

"मग कात्री पण कागदावरच चालवा."

खालून मंगलाबाईनं तिची ओढणी ओढली. जहिदानं ती सोडवून घेतली. साहेबांनी रेडीमेडवाल्याचं नाव काढलं. तो तयार आहे, एका फोनचं काम. जहिदानं पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. आत्ता आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौदा घरं होती. पण तक्त्यावरचा एक शर्ट जरी पुन्हा या हातानं कापला, तर हा हात जेवायच्या ताटाला लावता आला नसता.

साहेबांनी हर्षलला विचारलं, रेडीमेडवाला किती दिवसांत देतो. हर्षल म्हणाला, त्यांना पाच महिने आधी पक्की यादी लागते, नंतर एक नग बदलत नाहीत, म्हणजे नवी पोरं पंधरा ऑगस्टला उघडीच. साहेबांनी ओठ दाबले. मग कागद पुढं ओढला आणि तिनं लिहिलेल्या ओळींखाली, त्यांना न शिवता, जेवढी लहान करता येईल तेवढी लहान सही केली.

जिन्यात मंगलाबाईनं तिला अडवलं. रडून झालं होतं, आता राग होता. "तुला कुणी दिला गं आमच्या पोटावर डाव लावायचा हक्क? एक शब्द विचारला असतास."

विचारायला हवं होतं. जहिदा तेवढं म्हणालीही, आणि तिच्या तोंडून ते ऐकून मंगलाबाईच गांगरली. दोघी चार पायऱ्या उतरल्या.

"माप जूनमध्ये घ्यायचं म्हणजे फेब्रुवारी ते जून मशीन बंद," मंगलाबाई म्हणाली. "तोवर काय खायचं, माती?"

"कॅम्पात फौजी क्वार्टरांत बदल्यांची वेळ असते तेव्हा. पडदे, सोफ्याची कव्हरं लागतात सगळ्यांना. उद्या सकाळी जाते, घर कोण बदलतंय ते आधी विचारून ठेवते."

"उद्या मी पण येते," मंगलाबाई म्हणाली. "तुला एकटीला पाठवलं तर तिथंही कुणाच्या तरी कागदावर लिहून येशील."